छोटूची वही : पुरावा पाहून शिकवायचं म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं

जूनमध्ये अंगणवाडीत पंचवीस मुलं येतात. चोवीस जण आठवडाभर रडतात आणि मग रुळतात. पंचविसावा रडत नाही आणि रुळतही नाही. दाराजवळच्या कोपऱ्यात बसून तो डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत राहतो. नावानं हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. पाणी हवं असेल तर तुमचा हात धरून माठापाशी ओढत नेतो. साडेतीन वर्षांचा झालाय आणि ‘मम्’पलीकडे शब्द नाही. आपण त्याला छोटू म्हणू. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हा छोटू निरनिराळ्या नावांनी येतच राहिला, कधी मुलगी होऊनही आला.

छोटू आला की पाठोपाठ सल्ले येतात. मदतनीस म्हणते, दृष्ट लागलीय. आजी म्हणते, याचा काकाही पाच वर्षांनी बोलला, आता ऐकवत नाही इतका बोलतो. कुणी वेखंड उगाळून चाटवायला सांगतं, कुणी जिभेखालची शीर कापायला. व्हॉट्सअॅपवर मेंदूच्या व्यायामाचा व्हिडिओ फिरत असतोच. आणि प्रशिक्षणात पडद्यावर एक ओळ येते : ‘पुरावाधारित पद्धतींचा वापर करा.’ सगळ्या ताया ती ओळ वहीत उतरवून घेतात. मीही घेतली होती. त्यापुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून नव्यानं रुजू झालेल्या तायांसाठी हा लेख.

आधी शब्दाचा उलगडा, थोडक्यात. ही कल्पना वैद्यकातून आली. १९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की डॉक्टरनं निर्णय घेताना उत्तम संशोधन, स्वतःचा अनुभव आणि रुग्णाला काय हवं आहे, या तिन्हींची सांगड घालावी. २००६ मध्ये व्हर्जिनिया बायसी आणि पॅट्रिशिया वेस्ली यांनी तेच बालशिक्षणात आणलं. रुग्णाच्या जागी कुटुंब आलं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या गटानं पुढे त्याच्या पाच पायऱ्या बांधल्या : पेच, प्रश्न, पुरावा, निर्णय, पडताळणी. खाली मी त्यांच्याच सहा करून सांगते. म्हणजे कुठल्या तरी यादीतली ‘सिद्ध झालेली’ पद्धत उचलून मुलाला लावणं असा त्याचा अर्थ नाही. ही ठरवण्याची रीत आहे.

आणि ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं शिकवायला घेतली. पाहायचं, बदलायचं, पुन्हा पाहायचं. ‘अंगणवाडी’ हा शब्दच त्यातून आला आहे.

पहिली पायरी : मत बाजूला, नोंद आधी

एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर ‘छोटू ऐकत नाही’, ‘हट्टी आहे’, ‘त्याला काही कळत नाही’ असं काही लिहू नका. ही मतं झाली. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा : ‘१०.२० – चेंडू कपाटावर. माझा हात धरून कपाटाकडे नेला. चेंडूकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.’

मग एकच गोष्ट मोजायला घ्या. छोटूच्या बाबतीत मी हे मोजते : मोकळ्या खेळाच्या अर्ध्या तासात त्यानं आपणहून कुणाला तरी काही सांगितलं, असं किती वेळा झालं? ओढून नेणं, बोट दाखवणं, आवाज काढून आपल्याकडे पाहणं, सगळं धरायचं. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. सलग तीन दिवस. समजा आकडे आले २, ३, २. हे तीन आकडे जपून ठेवा, पुढचं सगळं यांच्यावर उभं राहणार आहे.

आपण निदान करायचं नाही. ‘स्वमग्न असेल’, म्हणजे ऑटिझम असेल, हे वाक्य तुमच्या तोंडून आईच्या कानावर जाता कामा नये. पण तपासणीला पाठवण्यात एक दिवसही घालवायचा नाही, आणि सर्वांत आधी कान तपासायचे. झाकण पडल्यावर तो दचकतो म्हणजे त्याला सगळं ऐकू येतं, असं धरून चालू नका. मोठे आवाज कळणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज कळत नसतात. ओएई किंवा बेरा या कानांच्या तपासण्यांना मुलानं उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून न बोलणाऱ्या मुलाची तपासणी होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं. पुढची फेरी चार महिन्यांनी असेल तर वाट पाहू नका. आशाताईंना आणि एएनएम सिस्टरांना सांगून डीईआयसीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, चिठ्ठी मिळवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती काढली, तिच्यातही हाच क्रम आहे : लक्षणं ओळखा, मुलाला आणि कुटुंबाला सामावून घ्या, पुढे पाठवा.

माझ्या पहिल्या वर्षी मी एका आईला ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून धीर दिला होता. तो धीर त्या मुलाला एका वर्षाला पडला.

दुसरी पायरी : प्रश्न लहान करा

‘छोटूला कसं सुधारू?’ याला उत्तर मिळत नाही. प्रश्नात चार गोष्टी हव्यात : कुणासाठी, काय केल्यानं, कशाच्या तुलनेत, काय बदलेल. आपला प्रश्न असा होईल : साडेतीन वर्षांच्या, अजून न बोलणाऱ्या मुलाला चित्रकार्डं (बोट ठेवून हवं ते मागायची चित्रं) दिली आणि थांबून वाट पाहिली, तर आत्तापेक्षा तो जास्त वेळा काही सांगू-मागू लागेल का? आणि त्यामुळे त्याचं तोंडानं बोलणं मागे तर पडणार नाही? दुसरा भाग आईचा आहे. ती विचारणारच.

तिसरी पायरी : पुरावा शोधा, आणि चाखून बघा

इथे नवी ताई घाबरते. संशोधन इंग्रजीत, लांबलचक, आणि आपल्याकडे फक्त मोबाइल. खरं सांगायचं तर पुरावा शोधणं हे तुमचं एकटीचं काम नाही. पर्यवेक्षिका, गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक, डीईआयसीतल्या वाचा-उपचारतज्ज्ञ, त्यांना विचारा. फक्त ‘काय करू’ एवढ्यावर थांबू नका, ‘हे कशावरून?’ हेही विचारा. सवयीनं जमतं.

पुराव्याला उतरंड असते. एकीला गुण आला, ही झाली सांगोवांगी. एका वर्गात करून पाहिलं, ही त्याहून बरी. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, एकाला पद्धत दिली, दुसऱ्याला दिली नाही आणि मग मोजलं, हा भक्कम पुरावा. आणि असे अनेक अभ्यास एकत्र चाळून काढलेला आढावा त्याच्याही वर.

आईच्या प्रश्नावर असा एक आढावा आहे. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी चित्रं, खुणा, यंत्रं यांचा आधार दिलेल्या लोकांचे अभ्यास गोळा केले आणि त्यांतले काटेकोर तेवढे निवडले. त्यांत २७ जण उरले. त्यांपैकी २४ जणांचं बोलणं वाढलं, तिघांचं होतं तसंच राहिलं. कमी कुणाचंही झालं नाही. मात्र पूर्ण सांगायचं तर ही सगळी काही बालवाडीतली मुलं नव्हती, आणि वाढही बहुतेकांची लहानशीच होती. म्हणून ‘कार्डं दिली की मूल बोलू लागतं’ असं आईला सांगू नका. ‘कार्डांनी बोलणं अडत नाही’ एवढं मात्र छातीठोकपणे सांगा.

सोबतीच्या मुलांना हाताशी धरण्याबद्दलही चांगला पुरावा आहे. अमेरिकेत फिलिप स्ट्रेन यांनी लीप नावाची बालवाडीची रीत बसवली. स्वमग्न मुलं इतर मुलांबरोबर एकाच वर्गात असतात, आणि खेळायला कसं बोलवायचं, कसं थांबायचं हे इतर मुलांना शिकवलं जातं. २०११ च्या अभ्यासात काही वर्गांतल्या शिक्षिकांना दोन वर्षं प्रशिक्षण आणि वर्गात येऊन मदत मिळाली, बाकीच्या वर्गांना नुसत्या पुस्तिका दिल्या. मदत मिळालेल्या वर्गांतली मुलं बरीच पुढे गेली. हे वाचून मला आपल्या कपाटातल्या पुस्तिकांची चळत आठवली, प्लास्टिकसुद्धा न काढलेली.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१४ मध्ये दुसऱ्या गटानं लीप, टीच ही आणखी एक रीत, आणि कोणतीही खास रीत नसलेले पण उत्तम चाललेले वर्ग यांची तुलना केली. तिन्हींकडे मुलं पुढे गेली. कुठलीच रीत दुसरीपेक्षा सरस ठरली नाही. एकाच अभ्यासावर उडी मारू नये ते यासाठी. मी यातून घेतलं ते असं : आधी आपला रोजचा वर्ग नीट चालू दे. वेळापत्रक ठरलेलं, खेळ भरपूर, ताई मुलांच्या पातळीला बसलेली. खास उपाय त्यावर चढवायचे.

आता गावातल्या सल्ल्यांना हीच फूटपट्टी लावा. जिभेची शीर आखूड असेल तर काही उच्चारांना त्रास होऊ शकेल. पण हाकेला न वळणं, बोट न दाखवणं याचा जिभेशी काय संबंध? वेखंडानं मूल बोलतं असा पुरावा नाही. ‘हे मूल डोळ्यांनी शिकतं, ते कानांनी’ ही प्रशिक्षणातली लाडकी विभागणी २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी तपासली. त्या विभागणीनुसार शिकवल्यानं फायदा होतो असा पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. आणि मुलाचा हात धरून अक्षरांच्या फळीवर ‘त्याच्याकडून’ लिहून घेणारे कुणी भेटले तर सरळ पाठ फिरवा. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच ही पद्धत वापरू नका असं सांगितलं आहे, कारण ते शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असतात.

आजीशी वेखंडावरून भांडू मात्र नका. तिला म्हणावं, ‘काकू, तुमचं राहू द्या बाजूला, पण कान तपासायला उशीर नको.’ बहुतेक वेळा चालतं.

चौथी पायरी : ओट्यावर बसा

गृहभेटीला जाताना रजिस्टर पिशवीतच ठेवा. ‘छोटूचा काय प्रॉब्लेम आहे?’ असं सुरू केलं की आई मिटते. त्याचा दिवस विचारा : उठतो कधी, कुणाजवळ जातो, काय दिलं की हसतो, कशानं कान झाकतो. तुमच्या वहीत नसलेल्या निम्म्या गोष्टी इथे मिळतात. कुकरच्या शिट्टीला तो घराबाहेर पळतो हे कळलं, की तुमच्या वर्गातल्या घंटेचं काय करायचं ते आपोआप कळतं.

मग विचारा, तुम्हाला आधी काय व्हायला हवंय? मला वाटायचं, सगळ्या आया ‘बोलायला हवं’ म्हणतील. एक म्हणाली, ‘ताई, त्यानं पाणी मागावं. मी शेतात असते, तो दिवसभर तहानलेला राहतो.’ संशोधनाच्या कुठल्याही कागदात हे सापडलं नसतं. आमचं पहिलं कार्ड पाण्याचं झालं.

भाषेचा मुद्दा हमखास निघतो. घरात अहिराणी किंवा गोंडी, अंगणवाडीत प्रमाण मराठी. मग कुणी तरी शहाणा सांगतो की मुलाशी घरची भाषा बंद करा, गोंधळतो तो. दोन भाषा कानांवर पडल्यानं अशा मुलांचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजी ज्या भाषेत लाड करते, ती बंद करायला सांगण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

पाचवी पायरी : दिवसातच पेरा

छोटूला बाजूला घेऊन अर्धा तास ‘शिकवणं’ तुम्हाला जमणार नाही, बाकीची चोवीस मुलं छप्पर उडवतील. तशी गरजही नाही. रोज होणाऱ्या गोष्टींतच लहान लहान संधी पेरायच्या.

कार्डं चारच करा : पाणी, चेंडू, अजून, नको. ‘नको’ विसरू नका. ज्या मुलाला नको म्हणता येत नाही ते चावतं, आणि मग आपण त्याला चावरा म्हणतो. पाण्यासाठी आपल्याच माठाचा फोटो काढून छापून घ्या. इंटरनेटवरचा काचेचा पेला त्यानं कधी पाहिलेला नसतो. पुठ्ठ्यावर चिकटवा, वरून सेलोटेप, कोपऱ्याला भोक आणि बुटाची नाडी. मी सुरुवातीला चाळीस कार्डं लॅमिनेट करून भिंतीवर लावली होती. दिसायला देखणी, पर्यवेक्षिकांनी फोटोही काढला. लावली होती माझ्या उंचीवर. महिनाभर एकाही मुलाचा हात तिथवर पोचला नाही. घरी स्मार्टफोन असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे मोफत अॅप मराठीतही बोलतं. पण सुरुवात पुठ्ठ्यानं करा, त्याची बॅटरी संपत नाही.

आता वापर. छोटू हात ओढत माठापाशी नेतो, तेव्हा पाण्याच्या कार्डावर स्वतः बोट ठेवून ‘पाणी’ म्हणा आणि पाणी द्या. काही दिवस फक्त तुम्हीच करा, त्याच्याकडून अपेक्षा नको. नंतर कार्ड समोर धरून मनात पाच अंक मोजा. चेहरा उत्सुक, तोंड बंद. हे पाच अंक फार लांब वाटतात. आपल्याला मुलाच्या आधी बोलायची खोडच असते. त्यानं कार्डाकडे नुसतं पाहिलं तरी ‘पाणी!’ म्हणून लगेच द्या. काहीच केलं नाही तरी तुम्ही बोट ठेवा, म्हणा, आणि द्या. बडबडगीतातही तेच : शेवटचा शब्द गिळा आणि थांबा.

एक गोष्ट मी कुणाचंही ऐकून बदलणार नाही. गरम आहार ही या खेळातली अट नाही. कार्ड दाखवलं तर खिचडी, असं करायचं नाही. तो त्याचा हक्क आहे, आणि भुकेलं मूल काही शिकत नाही. निवड करायची ती चेंडू की ठोकळे यात.

मग दोन सवंगडी निवडा. फार हुशार नकोत, त्या मुली छोटूची आईच होऊन बसतात आणि त्याला काही करूच देत नाहीत. शांत, खेळकर अशी दोन मुलं. त्यांना तीनच गोष्टी शिकवा : जवळ जाऊन नाव घे, खेळणं पुढे कर, थांब. आधी तुम्ही छोटू व्हा आणि त्यांच्याकडून करून घ्या, त्यांना फार मजा येते.

अमेरिकेतल्या बालशिक्षणाच्या दोन संघटनांनी २००९ मध्ये समावेशनासाठी तीन गोष्टी लागतात म्हटलं : प्रवेश, सहभाग आणि आधार. आपल्या रजिस्टरमध्ये पहिली असते. छोटूचं नाव पटावर आहे, हजेरी लागते, वजन नोंदलं जातं. सहभाग तपासायचा तर गोलात पाहा : तो मुलांच्या मध्ये बसलाय, की मदतनिसाच्या मांडीवर कडेला?

सहावी पायरी : पुन्हा रेघा

आठवड्यातून दोनदा, त्याच अर्ध्या तासात, तीच गोष्ट मोजा. चौकटींच्या कागदावर ठिपके मांडा आणि जोडा. चार आठवड्यांनी रेघ वर गेली असेल तर पाचवं कार्ड द्या, आणि कागद आईला दाखवा. अंगठा लावणाऱ्या बाईलाही चढती रेघ कळते.

रेघ आडवीच राहिली तर लगेच पद्धतीला दोष देऊ नका. आधी स्वतःला विचारा, वीस दिवसांत खरोखर किती दिवस केलं? सर्वेक्षण, लसीकरणाचा दिवस, पोषण ट्रॅकरची माहिती भरणं यांत माझे एकदा नऊच दिवस निघाले होते. म्हणून वहीत ‘आज केलं / नाही केलं’ असा एक रकाना हवाच. नीट करूनही हललं नसेल तर एकच गोष्ट बदला. चित्राऐवजी खरा पेला हातात द्या, किंवा जागा बदला, किंवा सवंगडी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानं आला ते कळत नाही. आणि आधी येत असलेलं काही मूल विसरू लागलं, शब्द गेले, चालणं बिघडलं, तर रेघा बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टर.

डीईआयसीला जाताना वही सोबत द्या. तिथे तपासणारे छोटूला तासभर पाहतात, तेही अनोळखी खोलीत, रडताना. तुमच्याकडे दोन महिन्यांच्या तारखा आहेत.

सहा वर्षांचा होऊन तो जिल्हा परिषदेच्या शाळेत जाईल तेव्हा तिथल्या बाईंसाठी एकच पान लिहा : काय आवडतं, कशाला घाबरतो, काय हवं असेल तर कसं सांगतो, आम्ही काय करून पाहिलं आणि कशाचा उपयोग झाला नाही. शाळा ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणाली तर आईच्या हातात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या कलम १६ ची प्रत असू द्या. सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो. आणि कार्डांचे दोन संच करा, एक दप्तरात, एक घरी खुंटीला. पाण्याचं कार्ड नव्यानं काढावं लागेल, कारण शाळेत माठ नसतो, नळ असतो.